अक्षरं भुईकडे

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, दिवाळी अंक आहे, काहीतरी प्रसन्न लिहा. एवढी वर्षं दगडांत काढलीत, गमतीजमती असतीलच." गमतीजमती आहेत, त्या सांगतोही. पण प्रसन्न वगैरे जमेल असं वाटत नाही. माझं डोकं गेली काही वर्षं तापलेलं आहे आणि दिवाळी आली म्हणून ते गार होत नाही. घरातले म्हणतात, आता निवृत्त झालात, सोडा तो विषय. मीही म्हणतो, सोडला. मग कुणाच्या तरी तोंडून 'सुशोभीकरण' हा शब्द निघतो आणि मी पुन्हा सुरू होतो.

माझी नोकरी ठसे घेण्याची. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी स्वतःच्या बोटांकडे बघतो. लोणारच्या एका लॉजवर मी हाच धंदा लिहून दिला, तर मालकानं मला सगळ्यात हवेशीर खोली दिली आणि संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या झाल्या. मी माणसांचे नाही, दगडांचे ठसे घेतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर चहासुद्धा मागून मागून मिळाला.

ठसा म्हणजे काय, ते सांगतो. दगडावर कोरलेली जुनी अक्षरं नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. फोटोत ऊन तिरपं आलं की ओरखडासुद्धा अक्षर वाटतो. म्हणून दगड आधी मऊ ब्रशनं, पाण्यानं स्वच्छ करायचा. त्यावर भिजवलेला जाड कागद पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशनं ठोकत जायचं, म्हणजे कागद खाचांमध्ये उतरतो. जरा सुकला की कापडाच्या बोंड्यानं काळी शाई वरवर टिपत जायची. सपाट भाग काळा होतो, खाचेतला कागद पांढरा राहतो. कागद सोडवला की दगडावरचा मजकूर तुमच्या हातात येतो. तो वाचणारे लोक वेगळे. मला वाचता येत नाही. आकार ओळखीचे झालेत, पण परक्या मुलखातल्या बसची पाटी बघावी तसं माझं होतं.

या कामात पाण्याचं महत्त्व फार. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, वरवट बकालच्या पुढे पूर्णेच्या अंगाला गेलात की खारपाणपट्टा लागतो. जमीन काळी, कसदार, आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही असं खारट. त्यात डाळ शिजत नाही. भिंतीला लागलं तर लोणा फुटतो, म्हणजे मीठ वर फुलून येतं आणि पापुद्रे सुटतात. कागद आणि दगड दोघांनाही ते बाधतं. आमच्या जीपमध्ये ब्रश-शाईच्या आधी गोड्या पाण्याच्या कॅन चढायच्या. साहेब लोक ओरडायचे की माणसं मागे लटकतायत आणि पाणी सीटवर बसलंय. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कागद दगडावरून सुटायच्या आत पहिला प्रश्न ठरलेला, "खजिना कुठं लिहिलाय?" लोकांची ठाम समजूत अशी की जुन्या काळी श्रीमंत माणूस आधी सोनं पुरायचा आणि मग त्याचा पत्ता दगडावर कोरून चव्हाट्यावर उभा करायचा. खामगावचे एक जिनिंगवाले शेठ तर गाडी पाठवून मला घेऊन गेले. कपाशीच्या ढिगाऱ्याआड, मखमलीत गुंडाळलेला दगड. त्यांनी कामगारांना बाहेर काढलं, दार लावलं, मग मखमल उघडली. मी पाहिलं. तो इंग्रजांच्या वेळचा मैलाचा दगड होता. खामगाव किती मैल ते त्यावर लिहिलेलं होतं. शेठजींनी दगडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पण जुना त हाये ना?" हो म्हटलं, जुना आहे. दगड पुन्हा मखमलीत गेला.

लोणारजवळच्या बीबी गावाकडे एके ठिकाणी शेंदरानं थापलेल्या दगडावर अक्षरं असल्याचं कळलं. तिकडची बोली जालन्याकडे झुकते. पुजारी म्हणाला, "दगडाला हात लावायचा असंल तर लावा, पण आमच्या देवाचं अंगडं काढायचं न्हाई. ते कोणी घातलं, काहून घातलं, आमाला तरी कुठं ठावं?" मी शेंदराला धक्का न लावता उघड्या बाजूचा तेवढा ठसा घेतला. अर्धा लेख आजही शेंदराखाली आहे आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. शेंदराखाली तो सुखरूप आहे, हे मला नंतर कळलं. कसं कळलं, तेच सांगायला बसलोय.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. बाजूला मोठी पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध विहार होता. हातभर लांबीच्या विटा, भिक्षूंच्या खोल्यांचे पाये, स्तूपाचा गोल घेर, सगळं उत्खननात निघालं. निघाले नाहीत ते दगड. विहाराला दान म्हणून लोकांनी शिलापट दिलेले असणार, त्यावर देणाऱ्याचं नाव असणार, हे जाणकारांना माहीत होतं. तसे एकदोन तुकडे मिळालेही होते. बाकीचे कुठे गेले?

कुठे जाणार? या गाळाच्या जमिनीत विहीर खणा नाहीतर पाया, दगड म्हणून लागत नाही. धुणं आपटायला दगड हवा तरी सातपुड्याच्या पायथ्याहून आणायचा. अशा गावाशेजारी आयते, सपाट, घडवलेले पट पडलेत म्हटल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांनी ते उचलले आणि पायरीला, ओट्याला लावले. आम्ही घरोघर हिंडलो. "अक्षर असलेला दगड आहे का?" सगळे म्हणायचे, नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. दिसायला खरंच कुठे अक्षर नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी गावाच्या कडेला एका घराच्या दाराशी पाणी मागितलं. घर माळ्याचं. मागे वांग्या-मिरच्यांचा मळा, थोडीफार कपाशी, तूर. म्हातारीला सगळे कासाबाई म्हणत. मुलगा दिनकर, सून शेवंता. मी ओट्यावर बसून डबा उघडला. भाकरीचा वर्तमानपत्राचा कागद खाली पडला आणि माझा पाय त्यावर पडला.

"पाय काढा भाऊ," कासाबाई म्हणाली. "अक्षर हाये त्यावर."

मी कागद उचलून कपाळाला लावला. लहानपणापासूनची सवय आहे, तुम्हालाही असेल.

"आमी त दगडाचंबी पायतो," ती सहज म्हणाली.

"दगडाचं काय?"

"अक्षराचा दगड पायरीले लावायचा असन त पालथा घालाव लागते. पाय पडते ना मानसाचा. अक्षर भुईकडे अन पाठ वर. माह्या सासूनं सांगतलं, तिले तिच्या सासूनं."

मी ज्या पायरीवर चपला काढून बसलो होतो, तिच्याकडे बघितलं. गुळगुळीत, पिवळसर, वाळूचा दगड. मी विचारलं, "माय, पाठीवर पाय दिलेला चालतो?"

"चालते की. लेकरं नाही का बुढ्याच्या पाठीवर नाचत?"

इतके दिवस आम्ही दगड वरून बघत होतो. गावाने अक्षरांचा मान ठेवण्यासाठी त्यांचं तोंड खाली केलं होतं. ज्या घरात वाचता येणारं एक माणूस नव्हतं, त्या घरातसुद्धा न कळणाऱ्या अक्षराला पाय लागू दिला नव्हता. शिवाय जमिनीची ओल चढू नये म्हणून खाली पांढरीतल्या जुन्या विटांचा थर. वारा खेळता, पाऊस नाही, ऊन नाही. असं जपून ठेवायला आमच्या खात्याला जमलं असतं का, ते पुढे कळेलच.

दिनकरनं पहार घातली, शेजारचे दोघे धावले, पायरी उलटली. मुंग्यांची धांदल झाली. माती हलक्या हातानं झाडली आणि खाली चार ओळी. छिन्नीचा एकेक मार दिसत होता. आयुष्यात मी शेकडो ठसे घेतले असतील, पण तेव्हा कागद दोनदा उचलून पुन्हा पसरला. गोडं पाणी जीपमध्ये होतंच. कासाबाईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बरं केलं. आमचं पानी याले लावू नोका. कुडाले लावलं त लोना फुटते, दगडाले काय सोडन?"

लेख वाचायला आमच्या मॅडम आल्या. या बाईंबद्दल मला अतोनात आदर आहे. उन्हात उकिडव्या बसून दगड वाचणारी विद्वान माणसं थोडी, त्यांतल्या त्या एक. त्यांनी ठसा आणि दगड दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिले आणि ओट्यावर जमलेल्या बायकांना अर्थ सांगितला. नांगर धरणाऱ्या माणसाची बायको नागसिरी, हिनं आपल्या सुनांसह हा पट दिला.

"सुनाईसगट?" कासाबाई म्हणाली.

"हो, सुनांसह."

शेवंता दाराआडून म्हणाली, "तिच्या सुनाईची नावं हायेत काय?"

"नाही. नुसतं सुनांसह."

"मंग? असंच असते," शेवंता म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. कासाबाईसुद्धा हसली, पण तिचा हात दगडावरच होता. नांगरवाल्याची बायको म्हणजे तिच्यासारखीच कोणीतरी. तिनं तो दगड कुठून लांबून आणवला असेल, त्यासाठी काय काय मागे ठेवलं असेल, ते या ओट्यावरच्या बायकांना सांगावं लागलं नाही.

दगड खात्याच्या ताब्यात द्यायचा तर कायद्यानं कोणी अडवू शकत नाही. पण कासाबाईनं दिला तो कायद्याच्या भीतीनं नव्हे. ती म्हणाली, "तिनं देवाले देला, आता मी लोकाईले देतो. सुनेले इचारून देतो." मग दगड न्यायला आलेल्या आमच्या मोठ्या साहेबांकडे वळून तिनं अटी घातल्या. "छपराखाली ठेवसान. तोंड वर केलं त कोनाचा पाय लागू देसान नोका. अन आमचं पानी याले लावसान नोका." साहेबांनी सगळ्या गावासमोर शब्द दिला. आजीबाई, तुमचा दगड आमच्या जिवासारखा सांभाळू, असं म्हणाले. मी शेजारी उभा होतो.

एका घरानं दिल्यावर बाकीच्यांनीही दिले. काही पायऱ्या होत्या, धुण्याचा एक दगड होता, ओट्याच्या कडेचा एक. प्रत्येकाची पाठ झिजलेली आणि पोट जिवंत. सगळे पट उत्खननाच्या जागेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नीट मांडून ठेवले आणि मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं.

परत आलो तेव्हा सुशोभीकरण सुरू होतं.

कोणीतरी मोठी व्यक्ती येणार होती. कोण ते महत्त्वाचं नाही, ती आलीही नाही. शेड पाडलेली होती, कारण ती म्हणे फोटोत वाईट दिसायची. पट उघड्यावर उभे करून त्यांच्यावर फवाऱ्याचं यंत्र सोडलेलं. यंत्राची नळी कुठे जाते ते मी बघत गेलो. ती बोअरला लावलेली होती. बाजूला बाथरूम धुतात त्या ॲसिडचे कॅन. ठेकेदाराचा सुपरवायझर पोटऱ्यांपर्यंत पॅन्ट वर करून उभा होता. तो बापडा मला बघून खूश झाला.

"पाहा काका, काय कळकट होते अन काय करून टाकले. फरशीवानी चकचकीत."

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. यंत्र बंद करवलं. तो म्हणाला, "माह्यावर काऊन चिडून राह्यले तुमी? वरून सांगतलं, धुवा. मी धुतले." त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. खारपाणपट्ट्यातलाच माणूस, पण घरच्या भिंतीचा लोणा आणि सरकारी दगड यांचा संबंध त्याला कोणी सांगितलाच नव्हता. ज्यांनी सांगायचं ते साहेब गाडीत एसी लावून बसले होते. मी काचेवर टकटक केलं.

ते म्हणाले, "पाणी ते पाणी. एवढं काय आहे त्यात?"

मी सांगितलं, दगड सच्छिद्र आहे, मीठ आत गेलं, ॲसिडनं वरची कातडी गेली, आता निदान गोड्या पाण्यानं भिजत ठेवू, मीठ उतरू द्या, आणि आधी वर छप्पर घाला. साहेब म्हणाले, छप्पर दुसऱ्या टप्प्यात आहे. मी म्हटलं, साहेब, तुम्ही त्या बाईला शब्द दिलाय. त्यावर ते हसले आणि जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अहो, दोन हजार वर्षं टिकले ते, दोन वर्षं टिकणार नाहीत?"

असं बोलायला माणसाला लाज कशी वाटत नाही? दोन हजार वर्षं ते आपोआप टिकले होते का? कोणीतरी टिकवले म्हणून टिकले. कोणी मातीत राहू दिले, कोणी पालथे घातले, कोणी खाली विटा रचल्या. ही राखण करणारी माणसं सात-बाऱ्यावरसुद्धा मुश्किलीनं सापडतात, म्हणून ती नव्हतीच असं समजायचं?

मॅडमनी वर कळवलं, मीही माझ्या पायरीनं कळवलं. मॅडम स्वतः जाऊन भांडल्या. त्यांना सांगण्यात आलं की आपण अर्थ लावण्याचं काम बघावं. दरम्यान पट काँक्रीटच्या चौथऱ्यांत उभे गाडले गेले. प्रत्येकासमोर स्टीलची पाटी, 'हात लावू नये'. प्रवेशद्वारापाशी मोठा फलक लागला. त्यावर विहाराची माहिती होती आणि खाली एक वाक्य होतं, ते जसंच्या तसं नाही पण अर्थानं सांगतो. अडाणी गावकऱ्यांनी हा मौल्यवान वारसा पायऱ्यांसाठी वापरला होता, आता तो वाचवण्यात आला आहे. हे वाचून मी तिथेच चपला काढून फलकाखाली बसलो.

उन्हाळ्यात दगडांवर पांढरी बुरशी यावी तसं मीठ फुलून आलं. पावसाळ्यात ते आत गेलं, हिवाळ्यात पुन्हा बाहेर आलं, आणि येताना दगडाची साल घेऊन आलं. पापुद्रे नखानं उचलावेत असे सुटायला लागले. एकेका पापुद्र्यावर एकेक अक्षर. मी रोज सकाळी चौथऱ्याखालचे तुकडे कागदात वेचून ठेवायचो. झाडूवाली बाई म्हणायची, "भाऊ, देवाच्या दारातली फुलंबी कोनी असे येचत नाही."

कासाबाई आली ती शेवंताला घेऊन, नऊवारीचा पदर नीट करून. आपली नागसिरी बघायला आली होती. पहारेकरी म्हणाला, "बुढे, हात नको लावू." तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ओट्यावर जसा ठेवला होता तसा तळवा दगडावर ठेवला. वरच्या दोन ओळी गेल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, पण सपाट काय आणि खाचेचं काय ते हाताला कळतं. हात फिरवून झाला तेव्हा तळव्याला भुकटी लागली होती.

"याच्यापरीस माह्या पायाखाली बरा होता," ती म्हणाली.

साहेबांनी शब्द दिला तेव्हा मी शेजारी उभा होतो, आणि तिच्या लेखी साहेब आणि मी एकाच जीपमधले. ती माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त शेवंताला म्हणाली, "चाल."

मी अहवालात कारण लिहिलं, खारं पाणी आणि ॲसिड. वरून सुधारून आलं, 'नैसर्गिक झीज'. निसर्गाला बिचाऱ्याला कुठे सही करायला बोलावतात? त्याच्या नावावर काय वाटेल ते खपतं. आज नागसिरी शिल्लक आहे ती मी घेतलेल्या ठशावर, कार्यालयाच्या कपाटात. कागद दगडापेक्षा जास्त टिकला. ठसे घेणाऱ्याला याचा अभिमान वाटायला हवा खरा. मला त्याचा संताप येतो.

निवृत्तीनंतर मी त्या गावाला अधूनमधून जातो. कासाबाई आता वाकली आहे, पण मिरच्या अजून तीच निवडते. मागे एकदा गेलो तर तिनं मला मधल्या घरात बोलावलं. तिथे ज्वारीची मोठी कोठी आहे, जुन्या पद्धतीची, शेणामातीनं लिंपलेली. कोठीखाली दगड आणि दगडाखाली विटा.

"हात घाला खाली," ती म्हणाली.

मी जमिनीवर पालथा झालो आणि विटांच्या फटीतून हात घातला. खालच्या बाजूला बोटं टेकली आणि थांबली. एक गोल, त्याला मधून आडवी रेघ. पुढे उभी काठी, तिला वळण. पुढे आणखी. कडा अजून बोटाला टोचत होत्या, इतक्या धारदार. कोठीच्या बुडापाशी गाल टेकून मी किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे.

"माय, हा तेव्हा का नाही सांगितला?"

"एक देऊन पायला, भाऊ," कासाबाई म्हणाली.

यंदा उन्हाळ्यात नवीन माणसं आली. साहेब नवे, टीम नवी. प्रमुख एक तरुण बाई, मन लावून काम करणारी, बोलायला गोड. पालथ्या दगडांचं तिला जुन्या अहवालातून कळलं होतं, म्हणून मला मुद्दाम घरून घेऊन गेली. दारोदार हिंडत आम्ही कासाबाईकडे आलो. मधल्या घरात जाऊन त्या मुलीनं कोठीकडे बघितलं, कोठीखालच्या दगडाच्या कडेकडे बघितलं, आणि मला विचारलं, "काका, गावात आता कुठे अक्षरं उरलीत का?"

ती मुलगी वाईट नाही. तिच्या हाती असतं तर तिनं आधी छप्पर बांधलं असतं, हे मला कळतं. मॅडम तिथे असत्या तर त्यांच्या डोळ्याला डोळा मी देऊ शकलो नसतो. त्या दगडावर कुणाचं नाव आहे, कुणाच्या सुना आहेत, ते मला ठाऊक नाही आणि माझ्या हयातीत बहुधा कळणारही नाही. दगड उलटा करून बघणं हेच माझं सगळं आयुष्य. आणि मी म्हणालो, "नाही."

हे इथे लिहिलंय म्हणजे जाहीर झालंच. होऊ द्या. कासाबाई हे तिचं खरं नाव नाही, दिनकर-शेवंताही नाही. कोणाला तो दगड शोधायचाच असेल तर पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या घराघरांतल्या कोठ्या उपसाव्या लागतील, आणि त्या घरांतल्या बायका ते करू देतील असं मला वाटत नाही. माझ्यावर कारवाई करायची असेल तर माझा पत्ता कार्यालयात आहे.

त्या मुलीचं माझ्या उत्तरानं समाधान झालं नव्हतं. ती कासाबाईजवळ उकिडवी बसली, आणि तेवढ्यावरून मला ती आवडली. म्हणाली, "आजी, तुम्ही तरी सांगा. तुमच्याकडे अजून एखादा पालथा दगड आहे का?"

कासाबाईनं कोठीच्या तळाशी असलेल्या भोकाचा बोळा काढला, सुपात ज्वारी घेतली आणि बोळा परत बसवला.

"तुमी त्या पहिल्याले सावली केली काय, बाई?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "आजी, छप्पर दुसऱ्या टप्प्यात आहे."

"मंग दुसऱ्या टप्प्यातच या," कासाबाई म्हणाली आणि ज्वारी पाखडायला बसली.